गोळ्यांच्या पाकिटावर असते, राउटरवर का नाही?

मागच्या वर्षी घरी फायबर घेतलं. जोडणीला आलेला मुलगा विशीतला, कामात तरबेज. भिंतीला भोक, वायर, पांढरा डबा, हिरवे दिवे, सगळं वीस मिनिटांत. वाय-फायचा पासवर्ड म्हणून त्याने माझाच मोबाइल नंबर टाकून दिला. (“सगळ्यांचा तोच ठेवतो, ताई. माणूस विसरत नाही.”) मी विचारलं, “आणि ॲडमिनचा पासवर्ड?”

“दिला ना आत्ता.”

“तो वाय-फायचा झाला. मी राउटरच्या आतल्या सेटिंगचा विचारतेय.”

त्याने जरा संशयानेच माझ्याकडे पाहिलं. “तो कंपनीकडे असतो. कस्टमरला देत नाहीत. काही बदलायचं असेल तर कॉल करा, ऑफिसातून करून देतात.”

“म्हणजे ऑफिसातून कुणीही माझ्या राउटरमध्ये शिरू शकतं?”

“कुणीही कसं? आमचेच लोक असतात.”

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसले. भाडं मी भरते, वीज माझी जळते, भिंत माझी आहे. घरातलं प्रत्येक यूपीआय पेमेंट आणि आईचा प्रत्येक व्हिडिओ कॉल त्यातून जातो. किल्ली मात्र माझ्याकडे नाही. आणि उद्या त्या डब्यातून काही भलतं घडलं, तर पेपरात कुणीतरी सायबर तज्ज्ञ सांगणार, ‘नागरिकांनी जागरूक राहावे.’ हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

पण आधी एका लाडक्या गैरसमजाचा निकाल लावू. ‘आमच्याकडे काय आहे चोरण्यासारखं?’ हे वाक्य मी घरात ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, आणि कंप्युटर इंजिनिअरच्या तोंडूनही ऐकलंय. खरं आहे, तुमचे महाबळेश्वरचे फोटो कुणाला नको आहेत. बँकेची वेबसाइट तुमच्याशी जे बोलते ते वाटेतच सांकेतिक झालेलं असतं, राउटर ताब्यात घेऊनही ते सहज वाचता येत नाही. चोराला हवा असतो तुमचा पत्ता. इंटरनेटवर तुमचं घर ज्या आयपी पत्त्याने ओळखलं जातं तो.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘एनीप्रॉक्सी’ आणि ‘फाइव्हसॉक्स’ नावाच्या दोन वेबसाइट बंद पाडल्या. त्यांचा धंदा साधा होता. जुने, कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले घरगुती राउटर जगभरातून शोधायचे, त्यांत मालवेअर घालायचं, आणि त्या घरांचे पत्ते भाड्याने द्यायचे. महिन्याला ९.९५ डॉलरपासून ११० डॉलरपर्यंत. सात हजारांहून जास्त पत्ते विक्रीला असल्याची जाहिरात होती, आणि ‘२००४ पासून सेवेत’ असं वेबसाइटवर अभिमानाने लिहिलेलं होतं. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर लिहितात तसं. भाड्याने घेणारा तुमच्या घराचा मुखवटा घालून कुठेही जाऊन काहीही करणार, आणि समोरच्याच्या नोंदवहीत तुमचा पत्ता उमटणार. सायबर पोलिसांचा तपासही बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. इतकं सगळं होऊनही तुमचं नेटफ्लिक्स सुरळीत चालू असतं, त्यामुळे शंका यायलाही जागा नाही.

दुसरी युक्ती याहून जुनी. ब्राझीलमध्ये २०११च्या सुमारास सुमारे पंचेचाळीस लाख डीएसएल मॉडेममध्ये शिरून फक्त एक सेटिंग बदललं गेलं होतं. डीएनएसचं, म्हणजे वेबसाइटचं नाव सांगितल्यावर तिचा पत्ता शोधून देणाऱ्या टेलिफोन डिरेक्टरीचं. लोक नाव बरोबर टाइप करत होते. डिरेक्टरीच बनावट होती.

आता हे मॉडेम नि राउटर इतके ठिसूळ का, हा प्रश्न. इथे माझा राग सुरू होतो, कारण उत्तर ‘तंत्रज्ञान अवघड आहे’ असं अजिबात नाही.

राउटर हा एक छोटा कंप्युटर आहे. त्यात जे सॉफ्टवेअर भरून येतं ते फर्मवेअर, आणि बहुतेकदा त्याच्या पोटात लिनक्स असतं. चिप बनवणारी कंपनी चिपसोबत एक तयार सॉफ्टवेअर-संच देते. तो घेऊन दुसरीच कंपनी डबा बनवते. तिसरी त्यावर आपलं नाव छापते. चौथी, म्हणजे आपली इंटरनेट देणारी कंपनी, हजारोंनी खरेदी करून त्यावर स्वतःचं स्टिकर लावते आणि तो आपल्या भिंतीवर येतो. या चौघांत फर्मवेअरची काळजी कुणी घ्यायची? प्रत्येकाचं बोट पुढच्याकडे.

याचं सगळ्यात संतापजनक उदाहरण २०१४चं. चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी ‘मिसफॉर्च्युन कुकी’ नावाचं एक भगदाड जाहीर केलं. राउटरचं सेटिंगचं पान दाखवणाऱ्या ‘रॉमपेजर’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये ते होतं. १८९ देशांतली किमान एक कोटी वीस लाख उपकरणं त्यात सापडली. आता तारखा बघा. चूक झाली २००२ मध्ये. रॉमपेजर बनवणाऱ्यांनी ती दुरुस्त केली २००५ मध्ये. नऊ वर्षांनी, २०१४ मध्ये, राउटर कंपन्यांची उपकरणं जुनीच आवृत्ती घेऊन चालत होती, आणि काही तर तीच घेऊन नवी विकलीही जात होती. औषध बाजारात येऊन नऊ वर्षं झालेली आणि रोगी रांगेत तसेच उभे. यात कुठल्या नागरिकाने कधी आणि कसं जागरूक राहायचं होतं?

काही चुका तर चुकाही नसतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये क्रेग हेफनर या संशोधकाने डी-लिंकच्या एका राउटरचं फर्मवेअर उलगडून पाहिलं. राउटरच्या पानावर जाणारा ब्राउझर स्वतःची ओळख एका ठरावीक अक्षरमालेने करून देत असेल, तर तो राउटर पासवर्ड न विचारता सरळ आत घ्यायचा. ती अक्षरमाला उलटी वाचली की निघायचं, ‘एडिट बाय ०४८८२ जोएल बॅकडोर’. कुणा जोएलने सोयीसाठी मागचं दार ठेवलं, आणि त्यावर नावही कोरलं. तो डबा विकत घेणाऱ्याने वीस अक्षरी पासवर्ड ठेवला असता, तरी काय उपयोग होता?

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये बाजारातल्या १२७ घरगुती राउटरांचं फर्मवेअर तपासलं. त्यांतल्या ४६ राउटरांना आधीच्या वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं. एक तृतीयांशाहून जास्त राउटरांत लिनक्सचा जो गाभा होता, त्याला स्वतः लिनक्सवाल्यांकडूनच शेवटचं अपडेट फेब्रुवारी २०११ मध्ये मिळालं होतं. २०११ सालचा फोन तुम्ही आज वापराल का? तो तर आपण कधीच बदललेला असतो, कारण फोन रोज डोळ्यांसमोर असतो. राउटर कपाटाच्या वर असतो. गणपतीच्या आधी धूळ झटकताना दिसतो, तेवढाच.

आता आपल्याकडे येऊ. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मॉडेम एकापाठोपाठ बंद पडू लागले. बातम्यांनुसार आकडा साठ हजारांच्या वर गेला. ‘ब्रिकरबॉट’ नावाच्या मालवेअरचा हा प्रताप. ते उपकरण ताब्यात घेत नाही, त्याची वीट करून टाकतं. ते लिहिणाऱ्या, ‘जॅनिटर’ असं टोपणनाव घेतलेल्या माणसाचं म्हणणं होतं की असुरक्षित उपकरणं दुसऱ्या कुणाच्या हाती पडण्याआधी मारून टाकणं ही समाजसेवा आहे. त्या समाजसेवेपायी इतक्या घरांचं नेट गेलं. असो, त्याच्याशी आज भांडण नाही.

भांडण आहे ते त्यानंतर ग्राहकांना जे सांगितलं गेलं त्याच्याशी. मॉडेमचा पासवर्ड ‘ॲडमिन’ असा मुळातला तसाच होता, ग्राहकांनी तो बदलला नव्हता, तेव्हा कृपया बदलून घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मॉडेम कुणी निवडला? कंपनीने. ‘ॲडमिन’ हा पासवर्ड ठेवून घरोघर कुणी बसवला? कंपनीच्या माणसाने. आणि त्याच वेळी हेही छापून आलं होतं, की कंपनीला दुरून मॉडेम सांभाळता यावेत म्हणून असलेलं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट साऱ्या जगासाठी उघडं होतं.

हे ७५४७ लक्षात ठेवण्याजोगं आहे. टीआर-०६९ नावाची एक पद्धत आहे, तिच्यामार्फत इंटरनेट कंपनी तिच्या ऑफिसात बसून लाखो घरांतले राउटर चालवते. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं. सेटिंग बदलणं, फर्मवेअर चढवणं, सगळं तिथून. ‘ऑफिसातून करून देतात’ म्हणजे हेच. पद्धत वाईट नाही. उलट, ती नीट वापरली तर ग्राहकाला काहीच करावं लागू नये, झोपेत अपडेट होऊन जावं. पण तेच दार रस्त्यावर उघडं राहिलं तर काय होतं, हे जगाला २०१७च्या आधीच कळलेलं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच पोर्टावरून मिराई या बॉटनेटच्या एका आवृत्तीने जर्मनीत धडका मारल्या आणि डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं कनेक्शन कोलमडलं. मिराई मुळात लिहिलं होतं अमेरिकेतल्या विशीच्या आसपासच्या तीन पोरांनी, आणि त्यामागे माइनक्राफ्ट या गेमच्या सर्व्हरभोवतीचा पैसा होता. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांची एक यादी. बस. यादी घेऊन दारं ठोठावत जायचं. आठ महिन्यांनी आपल्याकडे दारं उघडीच होती, आणि दोष मिळाला घरात झोपलेल्याला.

माझं म्हणणं एका ओळीत मावतं. किल्ली ज्याच्या हातात, कुलपाची जबाबदारी त्याची. ॲडमिन पासवर्ड देणार नसाल तर अपडेट तुम्ही करा, त्याची तारीख मला कळवा, आणि फुटलं तर भरपाई द्या. हे जमत नसेल तर पासवर्ड माझ्या हातात द्या आणि मग मला जागरूक राहायला सांगा. किल्ली तुमची आणि दोष माझा, हा व्यवहार घरमालक-भाडेकरूमध्येही कुणी खपवून घेणार नाही.

यावर कुणीतरी लगेच म्हणतं, चायनीज डबे बंद करा, प्रश्न मिटला. या मंडळींसाठी एक गोष्ट. जानेवारी २०२४च्या शेवटी अमेरिकी सरकारने जाहीर केलं, की चीन सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या ‘व्होल्ट टायफून’ या टोळीने अमेरिकेतल्या शेकडो छोट्या ऑफिसांचे आणि घरांचे राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्याआडून ती देशाच्या पाणी-वीज यंत्रणांवर डोळा ठेवून होती. ते राउटर कुणाचे होते? बहुतांश सिस्को आणि नेटगिअरचे. दोन्ही अस्सल अमेरिकी कंपन्या. डब्यावरचा झेंडा बरोबर होता, पण त्या मॉडेलची मुदत संपली होती आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं होतं. शेवटी एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन त्या राउटरांमध्ये दुरून शिरून मालवेअर पुसलं. चोर आधी न विचारता आला, मग पोलीसही न विचारता येऊन गेले, आणि मालकाला नंतर पत्र. वर सरकारने हेही सांगून ठेवलं, की राउटर बंद करून पुन्हा चालू केलात तर ही डागडुजी पुसली जाईल. डबा कुठल्या देशात बनला हा प्रश्न फालतू आहे असं मी म्हणत नाही. पण तो कधी शिळा होणार, हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी विचारायला हवा, आणि तो कुणी विचारत नाही.

कारण उत्तर कुठे छापलेलंच नसतं. घरातलं कुठलंही पाकीट उचला. दहा गोळ्यांच्या पट्टीवर एक्सपायरी असते, ब्रेडवर असते. आपल्या देशात २०११ पासून पाकीटबंद वस्तूंसाठी वैधमापनशास्त्राचे नियम आहेत. त्यांच्यामुळेच राउटरच्या खोक्यावरसुद्धा किंमत, उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष, तक्रारीचा पत्ता हे सगळं छापलेलं दिसतं. म्हणजे खोक्यावर काय छापायचं हे सांगायचा अधिकार सरकारला आहे आणि सरकार तो वापरतं. ‘सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत मिळतील’ ही एक ओळ त्यात घालायला नवी संस्था नको, नवी इमारत नको.

हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे. इंटरनेटला जोडायची घरगुती वस्तू विकायची असेल तर तिच्यात ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाचे सरसकट पासवर्ड चालणार नाहीत, आणि सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करावंच लागेल. मोडला तर दंड एक कोटी पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या चार टक्के, जे जास्त असेल ते, इथवर जाऊ शकतो. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला, त्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्यात साधारणपणे किमान पाच वर्षं अपडेट देण्याचं बंधन आहे. याच कंपन्या तिथेही विकतात. तिकडच्या खोक्यासाठी तारीख ठरवणार आणि इकडच्या खोक्यावर कोरी जागा ठेवणार, हे आपण का चालवून घ्यायचं? आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ या विषयाचं अख्खं प्रकरण आहे. प्रेशर कुकर फुटला तर ग्राहक मंचात जायचं आपल्याला सुचतं. राउटर फुटल्याचा आवाज येत नाही, एवढाच फरक.

‘मग राउटर महाग होतील’ हा हुकमी आक्षेप. होतील थोडे. पण आज जो स्वस्त दिसतो त्याचा उरलेला खर्च कुणीतरी भरतंच आहे. ज्याच्या वेबसाइटवर हल्ला होतो तो, किंवा ज्याच्या दारात तपास येतो तो. शिवाय रॉमपेजरची गोष्ट आठवा. दुरुस्ती तयार होती. ती पुढे पोचवायची होती, इतकंच.

तारखेसोबत मला आणखी एक हवंय. मुदत संपली की कंपनीने कुलूप काढून द्यावं. ही कल्पना माझी नाही, ती या धंद्यातच अपघाताने जन्मली. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरच्या पोटात लिनक्स असल्याचं लोकांना कळलं. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीला तो कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. आज तो शेकडो मॉडेलवर चालतो आणि कंपन्यांनी टाकून दिलेल्या डब्यांना अजून अपडेट पुरवतो. फुकट. ज्या कामाला कंपन्यांना परवडत नाही, ते जगभरचे हौशी लोक रात्री जागून करतात. त्यांच्या वाटेतून बाजूला होणं एवढंच कंपन्यांनी करायचं आहे.

कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर जे तुमच्या हातात आहे ते आज करा. त्याने कंपनीचा दोष धुतला जात नाही, पण तुमचं घर जरा कमी सोपं होतं. डबा उलटा करून मॉडेल नंबर बघा, आणि कंपनीच्या वेबसाइटवर त्याला अजून अपडेट मिळतात का ते शोधा. सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि हेच कुणी करत नाही. मिळत असतील तर अपडेट करा, आपोआप होण्याची सोय असेल तर चालू ठेवा. ॲडमिन पासवर्ड बदलता येत असेल तर बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा आणि दोन्हींपैकी एकही मोबाइल नंबर नको. ‘रिमोट मॅनेजमेंट’ दिसलं तर बंद करा, बटण दाबून जोडायचं डब्ल्यूपीएसही बंद करा. यूपीएनपी बंद केल्यावर एखादा गेम कुरकुरला तर बघू नंतर. किल्ली कंपनीकडेच असेल तर तिच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावता येतो. मी तेच केलंय. घरातली सगळी उपकरणं माझ्या राउटरला, आणि तो पांढरा डबा बाहेर ओसरीवर, म्हणजे अर्थाने. त्याचं काय चाललंय ते अजूनही मला कळत नाही, पण निदान तो माजघरात नाही. आणि ग्राहक सेवेला लेखी विचारा, माझ्या राउटरचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट झालं? मी विचारलं. चार दिवसांनी एसएमएस आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ तारीख कुठेच नव्हती. मी पुन्हा विचारलंय.

हा लेख लिहिता लिहिता मला माझा जुना राउटर आठवला. २०१७ मध्ये घेतलेला. वेग कमी पडायला लागला तसा २०२१ मध्ये मी तो संगमनेरच्या मावशीला देऊन टाकला होता. तिला व्हॉट्सॲप आणि कीर्तनं, एवढ्याला पुष्कळ. तिला फोन करून डब्याखालचा नंबर वाचून दाखवायला सांगितलं. चष्मा शोधून, वायरी ओढून, दोनदा चुकून तिने तो वाचला. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलसमोर लिहिलं होतं, सेवा समाप्त. साल २०२०. म्हणजे मी दिला तेव्हाच तो शिळा होता.

“अगं, पण चालतोय की छान,” मावशी म्हणाली.

नवा घेऊन पाठवला. लावल्याचा फोनही आला. जुन्याचं काय केलंस विचारलं, तर म्हणाली, टाकायचा कशाला, चांगला आहे. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या सरांना हवा होता, त्यांना दिला.